रक्तात अल्कोहोल 'निल' आलं, म्हणजे नवरा प्यायला नाही असं धरायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचे लिव्हरचे उपचार चालू आहेत, शनिवारी रात्री ते घेऊन आले असा तुम्हाला संशय आहे, आणि सोमवारी दिलेल्या रक्तात अल्कोहोल 'निल' आलं. मी लॅब टेक्निशियन आहे. त्या 'निल'वर विसंबू नका. शनिवारचं सोमवारी रक्तात सापडत नाही.

रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. ७० किलोच्या माणसाने रात्री दहाला क्वार्टर संपवली, तर सकाळी आठपर्यंत रक्त कोरं. ही तपासणी खरी नाकाबंदीत पकडलेल्यांची. गाडी चालवताना मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणून पोलीस घाईघाईने घेऊन येतात. सरकारी दवाखान्यात होतो तेव्हा पहिल्याच रात्री सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला, तर सिस्टरने हातातून काढून घेतला. "दारू शोधायचीय ना रे? मग दारूनेच काय पुसतोस!" तेव्हापासून साबण-पाणी, आणि करड्या झाकणाची फ्लोराइडवाली ट्यूब. नाहीतर रक्त ट्यूबमध्येच आंबायचा धोका.

तुम्हाला हवी ती लघवीची ईटीजी (एथिल ग्लुक्युरोनाइड) तपासणी. शरीर अल्कोहोलचा अगदी बारीक अंश वेगळ्या रूपात बाहेर टाकतं, तो दोन-तीन दिवस सापडतो, भरपूर प्यायलेल्याचा आणखीही. लोक तांब्याने पाणी पिऊन येतात, म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून रोज जाणारा शरीराचा एक टाकाऊ पदार्थ, बघायला सांगा. ते १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ, पुन्हा द्यायला लावा. उलटही होतं बरं का. ईटीजी पॉझिटिव्ह म्हणायची मर्यादा मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅम धरली तर माउथवॉश, सॅनिटायझर, एखादं कफ सिरप यांनीही पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी ५०० धरतात. रिपोर्टवर कुठली धरलीय ते वाचा, मगच घरात विषय काढा.

दोन ते चार आठवड्यांचा अंदाज हवा असेल तर रक्ताची पेथ तपासणी असते. महाग आहे, आणि बहुतेक लॅब नमुना बाहेर पाठवतात. जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम वाढलंय म्हणून मात्र काही ठरवू नका, लिव्हरच आजारी आहे, त्यानेही ते वाढतं.

त्यांना न सांगता करता येईल का, असंही विचारलंयत. नको. डॉक्टरांना त्यांच्यासमोरच सांगा, दर भेटीला ईटीजी लिहा म्हणून. आमच्याकडे काहीजण तर स्वतःहून येतात. घरी दाखवायला कागद हवा असतो त्यांना.