कोल्हापूर-नागपूर विमानाचं अंतर नक्की किती?

प्रश्न: माझी मुलगी नागपूरला शिकते. मोबाईलवर कोल्हापूर-नागपूर एका ठिकाणी 800 किमी दाखवतं, दुसरीकडे 700. आणि विमानाचा वेळही कुठे सव्वा तास तर कुठे पावणेदोन तास, खरं काय मानायचं? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: ताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत. 800 हे रस्त्याचं, सोलापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ करत जाणारं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ हवेतून मोजलं तर साधारण 700 किमी भरतं, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत 378 नॉटिकल मैल (असा एक मैल 1.852 किमीचा). प्रत्यक्षात विमान थोडं जास्तच उडतं, कारण ठरलेल्या हवाई मार्गाने जावं लागतं आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा पडतो.

वेळेचा फरक विमानामुळे. पंख्याचं छोटं विमान, म्हणजे एटीआर, ताशी 500 किमीच्या आसपास जातं, जेट 800 च्या, म्हणून जेटला अंदाजे सव्वा तास अन् एटीआरला पावणेदोन तास धरा. तिकिटावरची वेळ तर गेटपासून गेटपर्यंतची असते, जमिनीवरचं फिरणंही त्यातच, त्यामुळे नुसत्या अंतराला वेगाने भागून ते उत्तर येणार नाही. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे असतात त्यामुळे नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात, येताना तेवढी जास्त लागतात.

लेकीला आणायला जाताना मात्र विमान उतरल्यावर सामान मिळायला लागणारा वेळ वेगळा धरा हं.