वाचकांचे प्रश्न : ‘जी’च्या शेजारी ‘एच’ आला की

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ‘नाइट’ या शब्दातील जी आणि एच ही अक्षरे उच्चारात येतच नाहीत, ‘कफ सिरप’मध्ये त्यांचा फ होतो आणि ‘घोस्ट’मध्ये घ. यामागे काही नियम आहे का? असे काही शब्द अर्थासह द्यावेत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : नियम आहे, पण तो शब्दाच्या दोन-तृतीयांश भागापर्यंतच साथ देतो. ही जोडी शब्दाच्या आरंभी आहे, मध्ये टीच्या आधी आहे की शेवटी आहे, हे मुलीला आधी पाहू द्यावे.

आरंभी असेल तर इंग्रजीत उच्चार सरळ ग होतो; आपण ‘घोस्ट’ म्हणतो, इंग्रज मात्र ‘गोस्ट’ म्हणतो. या शब्दात पूर्वी एच नव्हता. विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला, त्याआधी तो अनेक वर्षे आजच्या बेल्जियममधील ब्रूज शहरात राहिला होता, आणि तिकडच्या फ्लेमिश भाषेत भुताच्या शब्दाला एच लावण्याची जी रीत होती तीच त्याच्या छापखान्यातून इंग्रजीत शिरली असे मानले जाते. ‘गास्टली’ म्हणजे भीषण किंवा प्रेतकळा आलेला. ‘गूल’ म्हणजे प्रेते खाणारे पिशाच. हा शब्द अरबीतून आला. ‘गर्किन’ म्हणजे लोणच्यासाठी वापरतात ती लहान काकडी. ‘गेटो’ हे मूळचे व्हेनिसमधील त्या वस्तीचे नाव, जिथे 1516 पासून ज्यूंना सक्तीने राहावे लागले; आज कोणत्याही समाजाच्या कोंडलेल्या वस्तीला तो शब्द लावतात. इटालियन भाषेत ई किंवा आयच्या आधी जीचा ज होऊ नये म्हणून एच घालतात, ‘स्पगेटी’तही तो त्याचसाठी आहे. ‘घी’ आणि ‘घाट’ हे मात्र आपल्याकडून गेलेले शब्द असून त्यांतील एच आपला घ दाखवण्यापुरता आहे.

टीच्या आधी ही जोडी आली की ती बहुधा मुकी असते, आणि खरी गंमत इथेच आहे. जुन्या इंग्रजीत रात्रीच्या शब्दात घशातून घासून येणारा, खच्या जवळचा एक ध्वनी होता. जर्मन ‘नाख्ट’मध्ये तो आजही ऐकू येतो. संस्कृतातील ‘नक्त’, ‘अष्ट’ आणि ‘दुहिता’ हे शब्द इंग्रजीतील ‘नाइट’, ‘एट’ आणि ‘डॉटर’ यांचे सख्खे नातेवाईक आहेत, म्हणजे स्पेलिंगमध्ये उरलेली ती दोन अक्षरे एका खऱ्याखुऱ्या व्यंजनाची खूण आहेत. पुढे प्रमाण इंग्रजीच्या बोलण्यातून तो ध्वनी गेला, परंतु तोवर छपाईने स्पेलिंग बरेचसे पक्के केले होते. या गटातील उपयोगी शब्द असे : ‘प्लाइट’ म्हणजे दुर्दशा, ‘ब्लाइट’ म्हणजे बटाट्यावर पडतो तसा करपा, ‘फ्रॉट’ म्हणजे (बहुधा धोक्याने किंवा चिंतेने) भरलेला, ‘रॉट आयर्न’ म्हणजे घडीव लोखंड आणि ‘ड्राउट’ म्हणजे दुष्काळ. यात ‘डिलाइट’, म्हणजे आनंद, हा घुसखोर आहे. तो फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ही अक्षरे नव्हती, ‘लाइट’च्या नादाने ती पुढे चिकटली. ‘हॉटी’ म्हणजे गर्विष्ठ, त्याचीही तीच कथा.

इथे दोन अपवाद पाठच करावेत. ‘लाफ्टर’ म्हणजे हसू आणि ‘ड्राफ्ट’ म्हणजे फटीतून येणारा वाऱ्याचा झोत किंवा पेयाचा घोट. या दुसऱ्या शब्दातील यूच्या आधीचा ए बदलून ओ लिहिला की वाऱ्याच्या झोताचा दुष्काळ होतो, तेव्हा लिहिताना जपावे.

शब्दाच्या शेवटी मात्र नियमाने हात टेकले आहेत. तो घशातला ध्वनी काही बोलींत फ झाला, काहींत नाहीसा झाला, आणि प्रमाण इंग्रजीने कधी इकडचा तर कधी तिकडचा उच्चार उचलला. फ होणाऱ्यांत ‘रफ’ आणि ‘टफ’ सर्वांना ठाऊक आहेत. ‘कॉफ’ म्हणजे खोकला. आयुर्वेदातील कफाशी त्याचे काही नाते नाही. ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांची गव्हाण किंवा पाण्याची डोण, आणि पावसाळ्यात हवामानाच्या बातमीत कोकण किनाऱ्यालगत जो ‘ट्रफ’ असतो तो कमी दाबाचा लांबट पट्टा म्हणजे हाच शब्द. मुक्या गटात ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी, ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक, ‘नेइ’ म्हणजे खिंकाळणे, ‘साय’ म्हणजे उसासा. शिवाय कैद्याला मिळणारी ‘फर्लो’ रजा. ‘स्लफ’ म्हणजे साप टाकतो ती कात, पण तेच स्पेलिंग ‘स्लाउ’ असे उच्चारले की अर्थ दलदल होतो. अशा शब्दांचा उच्चार शब्दकोशात पाहूनच घोकावा. दुसरी वाट मला तरी माहीत नाही.

प्रश्न : जी, एच, ओ, टी, आय या अक्षरांचा उच्चार ‘फिश’ होतो असे बर्नार्ड शॉ म्हणाले होते, हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘इनफ’मधील फ, ‘विमेन’मधील इ आणि ‘नेशन’मधील श घेऊन ही कोटी केलेली आहे. ती 1855 सालच्या एका पत्रात आढळते आणि शॉ जन्मले 1856 मध्ये, त्यामुळे तिचे श्रेय त्यांना देता येत नाही. शिवाय कोटी सदोषही आहे, कारण ही जोडी आरंभी असताना फ कधीच होत नाही आणि शब्दाच्या अगदी शेवटी असलेला टी-आय श होत नाही. वरचा नियम पाळला तर तो शब्द ‘गोटी’ असाच वाचावा लागेल.

प्रश्न : ‘थ्रू’ टी-एच-आर-यू असे लिहिलेले चालते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अमेरिकेत रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांवर ते सर्रास दिसते, उत्तरपत्रिकेत चालणार नाही. नांगर या अर्थी ‘प्लाउ’ पी-एल-ओ-डब्ल्यू असे लिहिणे मात्र अमेरिकन इंग्रजीत पूर्णपणे शुद्ध आहे. एकाच निबंधात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.