कोल्हापुरात राहून अभिनयात करिअर करताना कोणत्या न दिसणाऱ्या अडचणी येतात?

तुम्ही लिहिलंय की वय 23 आहे, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलंय आणि आता नोकरी सोडायच्या विचारात आहात. नकार, ओळखी, स्पर्धा हे सगळे सांगतातच. मी सात वर्षं यात आहे, मला सगळ्यात जड गेलं ते शूटिंगला बोलावणाऱ्यांचं एक वाक्य : "त्या तारखा मोकळ्या ठेवा."

पक्कं काहीच नसतं, पैसे तर नसतातच, पण दुसरं काम घ्यायचं नाही. मी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात हिशेब लिहायचो. मालकांच्या हातापाया पडून सहा दिवस सुट्टी काढली. आदल्या रात्री मेसेज आला, 'ट्रॅक (म्हणजे मालिकेचं कथानक) बदललाय, कळवतो.' असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मालकांनी दुसरा माणूस ठेवला. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

काम मिळालं तरी वाट बघणं सुटत नाही. एका मालिकेत मला एकच वाक्य होतं, "पाटील, पोरगी घरात न्हाई." सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ. साडेआठला मेकअप करून वाड्याच्या जोत्यावर बसलो, माझा शॉट लागला रात्री सव्वानऊला. धावत येऊन घाबऱ्याघुबऱ्या आवाजात बोलायचं होतं, आणि दिवसभर घोकून ते वाक्य पार शिळं झालेलं. केशवराव भोसले नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की अंग आपोआप जागं व्हायचं. (8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळताना खासबागेजवळ उभा होतो, अजून डोळ्यांसमोरून जात नाही.) सेटवर घंटा नसते. आता मी दिवसभर वाक्य तोंडातसुद्धा आणत नाही, शॉट जवळ आला की दोन फेऱ्या मारतो आणि मगच म्हणतो.

त्याच भूमिकेसाठी दोन महिने दाढी ठेवावी लागली, कंटिन्युइटीसाठी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये चेहरा सारखाच दिसावा म्हणून. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पावण्यात कोण गेलं का गं?" आईला ते फार लागलं.

पैसे बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी येतात, त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापलेला. जूनच्या कामाचे पैसे सप्टेंबर उजाडल्यावर. आयकर रिटर्न भरत जा, नाहीतर परत मिळण्यासारखी रक्कमही तशीच राहते. आणि निवड करण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच माघारी फिरा.

भाषेचं मात्र मनावर घ्या. आमच्या ग्रुपमधली एक गुणी मुलगी डॉक्टरच्या भूमिकेच्या ऑडिशनला 'मी गेले होते' ऐवजी सहज "मी गेलतो" बोलून गेली. आपल्याकडे बायका असंच बोलतात, त्यात चूक काही नाही, पण समोरचे हसले आणि तिचं पुढचं सगळं बिघडलं. आपली बोली सोडू नका, तिच्यासाठी कामंही मिळतात. पण तेवढ्यावर राहिलात तर पैलवान आणि गावगुंड यापलीकडे कुणी विचारणार नाही. रोज अर्धा तास प्रमाण मराठी मोठ्यानं वाचा.

नोकरी लगेच सोडू नका. आधी वेळेला न बांधलेलं काम शोधा. मी आता चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब घरून करतो. लॅपटॉप सेटवर नेतो, जोत्यावर बसून तेवढं काम होतं.