सिव्हिल इंजिनिअरिंग: नागरी, स्थापत्य की मुलकी?

प्रश्न पुण्यातल्या एका प्राध्यापिकेचा आहे. पहिल्या वर्षाला अभियांत्रिकीची ओळख आणि तिचा सामाजिक इतिहास त्या मराठीतून शिकवणार आहेत. ‘सिव्हिल इंजिनिअरिंग’ला ‘नागरी अभियांत्रिकी’ म्हटलेले चालेल का?

माझ्या मते नको. ‘नागरी’ म्हटले की नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक डोळ्यांपुढे येते. मुलांना हा महापालिकेच्या कामांचा विषय वाटेल. इथे सिव्हिल म्हणजे लष्करी नव्हे ते. युरोपात इंजिनियर हा आधी फौजेतला माणूस: तटबंदी, सुरुंग, तोफांचे मोर्चे ही त्याची कामे. अठराव्या शतकात जॉन स्मीटन दीपगृहे, पूल, कालवे बांधत होते. त्यांनी स्वतःला सिव्हिल इंजिनियर म्हणवून घेतले, ते या फौजी मंडळींपासून वेगळेपण दाखवायला.

या अर्थाचा नेमका शब्द आपल्याकडे आहे: मुलकी. मुलकी आणि लष्करी ही जोडी मराठी कारभारात मुरलेली आहे. ‘मुलकी इंजिनियर’ रूढ झाले नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

पुण्यात तर हा फरक मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतो. १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकामे लष्करी मंडळाकडून काढून स्वतंत्र खात्याकडे गेली. त्याच साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसे तयार करायला. आजचे सीओईपी, म्हणजे पुण्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ, ते हेच. साहेब वर आणि देशी माणूस हाताखाली, ही उतरंड अभ्यासक्रमाच्या जन्मापासूनची आहे. सामाजिक इतिहास इथूनच सुरू करावा. पुढे मुलांना पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर न्या. तिथल्या जलाशयाला ज्यांचे नाव होते ते फाइफ लष्करी इंजिनियर. त्याच धरणावर १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते विश्वेश्वरय्यांनी. ते पुण्याच्या याच कॉलेजात शिकलेले, मुलकी नोकरीतले.

मग ‘स्थापत्य’चे काय? हा शब्द ‘स्थपति’वरून आला. स्थपति म्हणजे बांधकामाचा प्रमुख. शिल्पग्रंथांत त्याच्या हाताखाली सूत्रग्राही (सूत धरून मापे घेणारा), तक्षक (दगड-लाकूड कापणारा), वर्धकी (भाग जोडणारा) येतात. शब्द देखणा आहे, रुळलेलाही आहे, म्हणून विभागाच्या पाटीवर आणि प्रश्नपत्रिकेत तोच राहू द्या. मात्र त्यामुळे हा अभ्यासक्रम थेट देवळे बांधणाऱ्या कारागिरांकडून आला असा समज होतो, तो पहिल्याच तासाला दूर करा. आणि आर्किटेक्चरला ‘वास्तुकला’ म्हणा, म्हणजे दोन विभागांची गल्लत होणार नाही.