कॅराव्हॅनमधील जनरेटर : वाचकांची प्रश्नोत्तरे

कॅराव्हॅन आणि कॅम्परव्हॅनमधून फिरणाऱ्या वाचकांच्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून छोट्या पेट्रोल जनरेटरविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांना यंत्राची चिंता वाटते. मला मात्र पत्रे वाचताना यंत्रापेक्षा त्यातील पेट्रोलाची आणि त्याच्या धुराची चिंता अधिक वाटली.

प्रश्न (पुणे) : टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या आमच्या गाडीत 1.8 केव्हीएचा जनरेटर मागच्या पलंगाखालील कप्प्यात ठेवतो. टाकी भरलेली असते, शिवाय पेट्रोलाचा एक प्लास्टिकचा कॅनही सोबत असतो. हे योग्य आहे का?

नाही, आणि यातील तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा तिपटीहून अधिक जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, फटींतून सरकते आणि पलंगाखाली साचून राहते. त्याच भागात बॅटरी, रिले किंवा फ्रीजचा कॉम्प्रेसर असेल, तर ठिणगीसाठी वेगळे काही शोधायला नको. जनरेटरचा कप्पा फक्त बाहेरून उघडणारा, राहण्याच्या जागेपासून पूर्णपणे बंद केलेला आणि तळाशी हवेची जाळी असलेला हवा. गॅस सिलिंडरच्या कप्प्यात जनरेटर ठेवू नये.

निघण्यापूर्वी यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे, पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणावरील हवेचा खटका बंद करावा, आणि टाकी शक्यतो रिकामीच ठेवावी. जनरेटर नेहमी उभाच ठेवून पट्ट्याने बांधावा. जागा वाचवण्यासाठी मी एकदा तो आडवा घातला होता; मुक्कामी पोहोचेपर्यंत इंजिनातील तेल एअर फिल्टरमध्ये उतरले होते आणि ती संध्याकाळ मेणबत्तीच्या उजेडात फिल्टर धुण्यात गेली.

कॅनबाबत कायदा स्पष्ट आहे. पेट्रोलियम अधिनियम, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते आणि काच किंवा चिनी मातीच्या 1 लिटरपर्यंतच्या भांड्यांखेरीज ते भांडे धातूचेच, 25 लिटरपेक्षा मोठे नसलेले, असावे लागते. पाण्याचा प्लास्टिक कॅन यात बसत नाही. धातूचा कॅनही काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडावी, कारण उन्हात पेट्रोल फुगते. पंपावर तो गाडीतून खाली उतरवून, जमिनीवर ठेवूनच भरावा.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसात जनरेटर उघड्यावर ठेवता येत नाही. गाडीच्या छत्रीखाली (बाजूला ओढून लावायच्या कापडी छपराखाली), दार उघडे ठेवून चालवला तर चालेल का? आम्ही धुराचा वास आला की लगेच बंद करतो.

आपण ज्या वासावर विसंबून आहात, तोच येथे उपयोगाचा नाही. धुरातील घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, याला वास, रंग, चव काहीच नसते. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे हवेत अगदी थोडे प्रमाण असले तरी काही वेळाने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटत जाते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे प्रवासाचा शीण म्हणून खपून जातात, आणि झोपलेल्या माणसाला तर तीही कळत नाहीत. म्हणून झोपेच्या वेळी जनरेटर बंद, याला मी अपवाद मानत नाही.

छत्रीखाली ठेवलेला जनरेटर हा माझ्या दृष्टीने खोलीत ठेवलेला जनरेटर आहे. तीन बाजू उघड्या असल्या तरी वारा फिरला की धूर दारातून, खिडकीतून, फ्रीजच्या जाळीतून आणि गळलेला गॅस बाहेर पडावा म्हणून फरशीत ठेवलेल्या भोकांतूनही आत येतो. यंत्र गाडीपासून किमान 6 मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि सायलेन्सरचे तोंड गाडीपासून व शेजाऱ्यांपासूनही उलट वळवून ठेवावे. पावसासाठी जनरेटरवर स्वतंत्र, चारही बाजूंनी मोकळे छप्पर उभारावे, यंत्र ओल्या जमिनीवर न ठेवता सपाट फळीवर ठेवावे, आणि पाऊस तिरका येत असेल तर त्या दिवशी ते सुरूच करू नये.

एवढ्या अंतरासाठी बाहेर वापरण्याजोगी 2.5 चौरस मिलिमीटरची रबरी केबल घ्यावी आणि रिळावर असल्यास ती पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापते. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅसगळतीचा अलार्म ही वेगळी वस्तू आहे. तो फरशीजवळ लावतात, हा मात्र झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीच्या आसपास लावावा.

प्रश्न (नाशिक) : लेहला जाणार आहोत. आमच्या 1.8 केव्हीए जनरेटरवर इंडक्शन शेगडी आणि बॅटरी चार्जर चालेल का?

1.8 केव्हीए म्हणजे फार तर 1,800 वॅट, त्यामुळे 2,000 वॅटची शेगडी पूर्ण क्षमतेने नाशिकलाही चालणार नाही. वर जाताना हवा विरळ होते आणि दर 300 मीटरला इंजिनाची शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे तेथे 1.8 चे जेमतेम 1.1 केव्हीए उरतात. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये त्या उंचीवर पेट्रोलाचे प्रमाण जास्त होते, प्लग काळा पडतो आणि इंजिन गुदमरते; त्यासाठी उत्पादकाचा उंचीवरचा जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलाचे प्रमाण ठरवणारा बारीक छिद्राचा भाग) मिळतो, मात्र परत उतरल्यावर तो आठवणीने बदलावा लागतो.

स्वयंपाक गॅसवर, तोही प्रेशर कुकरमध्ये करावा, कारण तेथे पाणी सुमारे 88 अंशांनाच उकळते. जनरेटर फक्त चार्जिंगसाठी ठेवावा. 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते आणि 40 अँपिअरचा चार्जर 600 वॅटच्या आसपास ओढतो, त्यामुळे पूर्ण रिकामी बॅटरी भरायला दुपारचे सुमारे पाच तास लागतात. बॅटरी शून्य अंशाखाली असताना मात्र लिथियम चार्ज करू नये.

प्रश्न (सावंतवाडी) : जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. यंत्र बिघडले आहे का?

बहुधा नाही. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे दोन्ही तारांवर जमिनीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसते. दोन तारांमध्ये मीटरने 230 व्होल्ट मिळत असतील तर यंत्र ठीक आहे. महत्त्वाची बाब वेगळीच आहे : अशा जोडणीत गाडीतील आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) अपेक्षेप्रमाणे पडेलच असे नाही. न्यूट्रल-अर्थ जोडावा का, हे यंत्राचे माहितीपत्रक पाहून जाणत्या इलेक्ट्रिशियननेच ठरवावे. बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विचही त्याच्याकडूनच बसवून घ्यावा.

प्रश्न (कोल्हापूर) : जून ते सप्टेंबर गाडी उभी असते. दरवर्षी दसऱ्याला जनरेटर सुरूच होत नाही.

दोष चार महिने आत राहिलेल्या पेट्रोलाचा आहे. आता पंपावरील पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात, आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. मे अखेरीस टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, मग कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. तेल याच वेळी बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल पावसाळाभर इंजिनात बसू देण्यात अर्थ नाही. प्लग काढून त्या जागी चमचाभर तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. यंत्र प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत दव धरते. जुनी सुती चादर पुरेशी आहे. यंदाच्या दसऱ्यासाठी मात्र आधी कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा लागेल, आणि नवीन पेट्रोल त्यानंतरच भरावे.