करवंट्या, चौकोन की चपला: रोबोला कुठली चाकं लावावीत?

फोंड्याच्या टीमचा प्रश्न असा: स्पर्धेसाठी तीन किलोचा, चार मोटर्सचा रोबो, उभा राहताना ४५ सेंमीच्या चौकटीत बसला पाहिजे, कामगिरीशिवाय कल्पक रचनेलाही बक्षीस आहे, म्हणून चाकं बघताच लोक हसले पाहिजेत. मनात करवंट्या, चौकोनी चाकं आणि हवाई चपला. पिवळ्या बीओ मोटर्स (प्लास्टिक गिअरच्या छोट्या मोटर्स) आहेत, त्यांवर भागेल का?

भागणार नाही. १२ व्होल्टच्या जॉन्सन गिअर मोटर्स घ्या, सहा मिमी शाफ्टच्या (शाफ्ट म्हणजे मोटरचा फिरता दांडा). कारण चौकोनात दडलंय, तिथे हिशेबच देतो. बाकी तिन्ही कल्पना चालतील, पण एक गोष्ट धरून ठेवा: गंमत चाकाच्या बाहेरच्या अंगाला, हबमध्ये, म्हणजे चाक शाफ्टला जोडतं त्या मधल्या भागात, गंमत नको. विचित्र चाक स्पर्धेत मोडतं ते बहुतेक वेळा कडेला नाही, शाफ्टपाशी.

करवंटीपासून सुरू करू. चतुर्थीनंतर घरोघरी करवंट्यांची रास असते, तेव्हा माल फुकट. पण कोयत्याने फोडलेली करवंटी चाकाला कुचकामी, कड दातेरी येते आणि एका बाजूला तडा धावतो. सोललेल्या नारळावर मधोमध दोरा गुंडाळून पेन्सिलीने रेघ मारा आणि हॅकसॉने फिरवत फिरवत कापा. मग व्हर्नियरने कडेचा व्यास तीन-चार दिशांनी मोजा. नारळ कधीच पुरता गोल नसतो. दोन दिशांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ती करवंटी खोबरं किसायला परत द्या.

हे किती महत्त्वाचं ते बघा. डावी चाकं १०० मिमी आणि उजवी १०४ मिमी असतील, दोन्हींमधलं अंतर २५० मिमी असेल, तर सरळ सोडलेला रोबो सव्वासहा मीटरच्या थोड्या वरच्या त्रिज्येने डावीकडे वळतो. दोन मीटर जाईपर्यंत तो सुमारे ३१ सेंमी बाजूला आणि १८ अंश तिरका. मुलं दोष प्रोग्रॅमला देतात, चूक नारळाची असते. एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) नसेल तर मोठ्या चाकांच्या बाजूचा पीडब्ल्यूएम (प्रोग्रॅममधला मोटरच्या वेगाचा आकडा) २५५ ऐवजी २४५ पासून सुरू करून जमवून घ्या.

त्याहून बरा मार्ग: करवंटीला भार उचलायला लावूच नका. १२ मिमी प्लायवूडची गोल चकती कापा, करवंटीच्या कडेपेक्षा चहूबाजूंनी तीन मिमी मोठी. जमिनीवर चकती चालेल, करवंटी बाहेरून टोपीसारखी बसेल. बघणाऱ्याला करवंटीच दिसते. करवंटीची कड ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून एपॉक्सीने चिकटवा, रात्रभर वजन ठेवा. चकतीवर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा १२ मिमी रुंदीचा आडवा काप ताणून चढवा, खाली रबर सोल्यूशन. सायकलची ट्यूब या मापाला फार ताणली जाते आणि सामन्याच्या मध्येच निसटते. नुसती करवंटी जमिनीवर चालवायचा हट्ट असेल तर मैदानावर अंथरलेल्या फ्लेक्सवर ती घसरेल आणि ओरखडेही काढेल. मैदान खराब केल्यास गुण कापतात का, ते नियमात आधी बघा.

आता चौकोन. सगळ्यात जास्त हशा यालाच, आणि सगळ्यात जास्त त्रासही. ८० मिमी बाजूचं चाक सपाट बसलं की शाफ्ट ४० मिमीवर, कोपऱ्यावर उभं राहिलं की ५६.६ मिमीवर. म्हणजे एका फेऱ्यात चार वेळा १६.६ मिमीची उडी. सपाट बसलेलं चाक उलटताना कोपरा शाफ्टपासून चार सेंमी पुढे असतो. तीन किलोच्या रोबोत एका चाकावर ७५० ग्रॅम, म्हणजे नुसतं उलटायला तीन किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर). बीओ मोटर एक किलो-सेंमीच्या आसपास दम टाकते. ती गरम होऊन जागेवर घुरघुरत बसेल. प्रत्येक कोपऱ्याला करंटचा झटकाही येतो. एल२९८एन या मोटर ड्रायव्हरच्या (मोटरला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या) एका चॅनेलला दोन एम्पिअर सोसतात, त्यावर दोन मोटर्स जोडल्यात तर तो तापून बंद पडणार. बीटीएस७९६० ड्रायव्हर वापरा, प्रत्येक बाजूला एक.

यावरची युक्ती साधी आहे. सहा मिमी प्लायचे तीन सारखे चौकोन कापा आणि एकावर एक ३० अंशांनी फिरवून चिकटवा. कोपरे चारचे बारा होतात आणि उडी १६.६ वरून जेमतेम दोन मिमीवर येते. दोनच चौकोन ४५ अंशांनी लावलेत तर साधारण सव्वाचार मिमी. तिन्हींना लाल, पिवळा, पांढरा रंग द्या. लांबून तीन चौकोन भांडत चालल्यासारखे दिसतात आणि रोबो मात्र शहाण्यासारखा जातो. भोकं चिकटवल्यानंतरच पाडा, आधी पाडलीत तर ती एका रेषेत येत नाहीत. कोपरे थोडे गोल करा, नाहीतर प्लायचे थर तिथून सुटतात. एमडीएफ घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते फुगतं.

फुगीर त्रिकोणाचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण 'त्याची रुंदी सगळीकडून सारखी' असं वाचलेलं असतं. ते खरं आहे, पण त्यावर फळी ठेवून ढकललीत तर. शाफ्ट मध्यभागी लावला की १०० मिमीच्या चाकात तो ४२ ते ५८ मिमी असा वरखाली होतो. सोडून द्या.

हवाई चपला मात्र मनापासून सुचवतो. पकड उत्तम, आणि चाकाऐवजी पाय फिरवायची कल्पना संशोधनातल्या रोबोंतही आहे. आरहेक्स या सहा पायांच्या रोबोला तर वाकड्या अर्धगोल पट्ट्यांचेच पाय आहेत. लहान मुलांच्या एकाच नंबरच्या चपला घ्या. अंगठ्याकडचा भाग कापा, टोक केंद्रापासून ९० मिमीवर येईल असं मोजून. एका चाकाला सहा. चार मिमीच्या दोन प्लाय चकत्यांमध्ये ते दाबून एम४ बोल्ट घाला. नुसता बोल्ट फोममधून घातला तर भोक लांबट होऊन तुकडा सुटतो, म्हणून पकड चकत्यांची हवी. एका चाकाला सगळे डाव्या पायाचे किंवा सगळे उजव्या पायाचेच लावा. मिसळलेत तर टोकांचा आकार जुळत नाही आणि रोबो लंगडतो. (लंगडणंही हसवतं म्हणा, पण लाइन फॉलो करायची असेल तर नको.) १८० मिमी व्यासाला २०० आरपीएमची मोटर लावली तर वेग सेकंदाला १.९ मीटर होतो, आवरणार नाही. १०० आरपीएम घ्या. आणि ४५ सेंमीची चौकट मोजताना पाय पूर्ण पसरलेल्या स्थितीत मोजा.

लाइन सेन्सर (जमिनीवरची रेघ वाचणारा) यापैकी कुठल्याही चाकावर चेसिसला, म्हणजे रोबोच्या सांगाड्याला, घट्ट बसवू नका. टीसीआरटी५००० हा सेन्सर जमिनीपासून काही मिमीवरच नीट वाचतो, रोबो उसळला की रेघ हरवते. बिजागरीच्या आडव्या पट्टीवर, स्वतःच्या छोट्या कॅस्टरसह (मोकळ्या फिरत्या चाकासह) तो बसवा.

हबला चार भोकांचं सहा मिमी फ्लँज कपलिंग (शाफ्टवर बसून चाक धरणारी धातूची चकती), एम३ बोल्ट, नायलॉक (सैल न होणारे) नट. कपलिंग शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे, आणि प्रत्येक फेरीआधी ॲलन कीने तपासा. शाफ्टला फेविक्विक लावणारे असतात. त्यांना चाक बदलायची वेळ आली की मोटरही बदलावी लागते.

मैदान फ्लेक्सचं आहे, प्लायचं की लादीचं, तेवढं कळवा. फ्लेक्स असेल तर बुटांबरोबर आलेली वाळू पकड मारते, फेरीआधी चाकं ओल्या फडक्याने पुसायला एक माणूस ठेवा.