वाट आधी खालून

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला, सकाळी पुन्हा एकदा. फोन केला असता तर चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

माथेरानच्या वन ट्री हिलच्या टोकाशी अठरा माणसं सॅक पाठीला लावून तयार उभी होती, आणि तू 'मी खाली नेणार नाही' म्हणालीस. सगळ्यांना लाल मातीच्या रस्त्याने परत दस्तुरीला आणलंस. आता ग्रुपमध्ये तुला घाबरट ठरवलंय आणि तू मला विचारतेस, मला दिशाच कळत नाही का, हे सगळं सोडून देऊ का. सोडण्याबिडण्याबद्दल मी काही बोलणार नाही. डोंगर तुझा सुटणार नाही, ते तुलाही ठाऊक आहे. मला एकच सांग, ती वाट तू आधी खालून चढली होतीस का? नव्हतीस. म्हणजे ती तुला माहीत नव्हती, आणि माहीत नसलेल्या वाटेवर माणसं नेली नाहीस, यात एवढं कुढण्यासारखं काय आहे? तुझं चुकलं ते आदल्या आठवड्यात, 'हो, मी नेते' म्हणालीस तेव्हा.

वाट आधी खालून चालायची. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू मान डोलावलीस, आणि मला वाटलं, कळलं. पुन्हा सांगतो.

माथेरानला माणूस माथ्यावर आयता पोचतो. नेरळहून गाडी दस्तुरीपर्यंत येते, १९०७ पासून छोटी रेल्वे आहे, एकवीस किलोमीटर वळणं घेत ती वर आणून सोडते. मग कुठल्याशा पॉइंटच्या कठड्याशेजारून एक पायवाट खाली घसरताना दिसते आणि वाटतं, खालीच तर जायचंय. पण हा जेमतेम आठशे मीटरचा डोंगर सगळ्या बाजूंनी कड्यांनी तासलेला आहे. त्या कड्यात माणसाला उतरायला जागा अगदी मोजक्या, आणि त्या वरून दिसत नाहीत. वरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात आणि पलीकडे मोरबे धरणाचं पाणी. खालून मात्र अख्खा कडा समोर उभा असतो. कुठे घळ आहे, कुठे सोंड थेट कातळाला भिडलीय, कुठली हिरवी पट्टी मध्येच तुटते, सगळं अर्धा तास बसून बघता येतं.

शिवाय चढताना डोंगर तुझ्या बाजूने असतो. सोंडा वर जाता जाता एकमेकींना मिळतात, त्यामुळे थोडी चुकलीस तरी खऱ्या वाटेच्या जवळच राहतेस. उतरताना एका धारेच्या दोन होतात, दोनाच्या चार. वरच्या फाट्यावर वीस पावलं चुकली की खाली भलतंच गाव लागतं, नाहीतर कुठलंच लागत नाही. आणि वरून सगळ्यात सोपी वाट वाटते ती ओढ्याची. मोकळी, दगडांची, झुडूप नाही, पायऱ्या असाव्यात तशी. ती पाण्याची वाट आहे. पाण्याला कड्यावरून उडी मारता येते.

ते मला कसं कळलं, हे तुला कधी सांगितलं नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो. ऑक्टोबर होता, गवत छातीपर्यंत. सहा जणांना घेऊन मी पठारावरून उतरायला लागलो, वाट एकाने तोंडी सांगितलेली. तासाभरात ओढ्यात शिरलो आणि मला हायसं वाटलं, चाल सोपी झाली म्हणून. चार वाजता ओढा संपला. समोर कोरडा धबधबा, खाली पन्नास-साठ फूट. मागे वळायला हवं होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, त्या कट्ट्यावर उतरलो तर पुढे जागा दिसतेय. मी 'थांब' म्हणालो नाही. त्याने उडी टाकली, घोटा वळला आणि मोडला. रात्रभर आम्ही तिथेच बसून राहिलो. त्याचा बूट काढायचा की नाही यावर आम्ही कुजबुजत वाद घालत होतो आणि तो ते सगळं ऐकत होता.

सकाळी खालच्या ठाकरवाडीतली चार माणसं आली. रात्री आमच्या बॅटऱ्या त्यांना दिसल्या होत्या. घोंगडीची झोळी केली, बांबू घातला आणि त्याला खाली नेलं, आम्ही ओढ्यात ज्याला भिंत समजलो होतो तिच्याच शेजारून, बऱ्या रुंद वाटेने. त्यातला म्हातारा चालता चालता मला म्हणाला, "वरनं कशाला आलात? खालनं आला असतात तर ह्यो कडा दिसला नसता का?" त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं मी लोकांना सांगत राहिलो की पावसाने वाट मोडली होती. वाट धड होती. मी आणलेल्या माणसाचा पाय मोडला आणि दोष मी डोंगरावर टाकला. तो मित्र पुढे माझ्याशी बोलायचा, लग्नालाही बोलावलं, पण डोंगराचा विषय काढला की उठून जायचा. मी माफी मागितली नाही. आता तो नाही.

म्हणून मी हट्टी आहे. मी माणूसघाणा झालोय, वाटा स्वतःजवळ दाबून ठेवतो, फोनवर वाटेची रेघ दाखवणारा ट्रॅक मागितला की देत नाही, असं तुझ्या ग्रुपमधलेच म्हणतात ना? म्हणू देत. ट्रॅक देत नाही कारण कड्याच्या पोटात फोनची जागा सरकते, आणि सपाटीवर जी दहा मीटरची चूक असते ती कड्याशी जिवावर बेतते. आणि ट्रॅक हातात असला की माणूस वर बघत नाही, खाली बघत नाही, रेघेकडे बघतो. खालून चढून आलेल्या कुणाला मी आजवर वाट नाकारलेली नाही. एकालाही नाही. वरून उतरायला निघालेल्यांना नाकारली, आणि पुढेही नाकारीन.

इथला इतिहास तरी वेगळं काय सांगतो? ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० च्या मे महिन्यात इथे आला तो पायथ्याच्या चौक गावाहून, तुझ्याच त्या वन ट्री हिलच्या बाजूने, चालत, खालून. शोध त्याच्या नावावर लागला, पण त्याच्याआधीही ठाकर, कातकरी, धनगर चढत-उतरत होतेच, आणि अजून आहेत. मी त्यांच्यातल्या बायकांच्या मागून चाललोय. डोक्यावर लाकडाची मोळी, पाय किंचित आडवा, आधी टाच टेकते, मग वजन येतं. एका फाट्यावर पुढची बाई थांबली, मोळी सांभाळत वाकली आणि एक वाळकी फांदी चुकीच्या वाटेवर आडवी टाकून चालू लागली. मी विचारलं तर म्हणाली, पोरं येतात मागनं. त्या दिवसापासून मी रंगाचे बाण मारायला कुणालाही मदत केलेली नाही. आडवी फांदी ओळखायला शीक. गुरांची वाट उताराला धरून आडवी जाते आणि चरणीत जाऊन विरते. माणसांची वाट दगडावर गुळगुळीत झालेली असते, आणि अवघड जागी कुणीतरी पावलापुरती खोबण केलेली असते. हे सगळं चढताना डोळ्यांसमोर येतं, उतरताना पायाखालून निघून जातं.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर मला वाद नको. माथ्यावरचा जांभा पाणी पितो, ते खालच्या काळ्या कातळाच्या सांध्याशी पाझरत राहतं, आणि कड्याखालची आडवी वाट पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस ओली असते. २०२३ मध्ये १९ जुलैच्या रात्री समोरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसं गेली. जुलैत नवी वाट शोधायला निघणाऱ्यांशी मी त्यानंतर बोलत नाही.

तू विचारशील, आता मी काय करू. वन ट्री हिल सध्या विसर. तिथे गेलीस तर त्या अठरा जणांना उत्तर द्यायला जाशील. गारबेटची बाजू धर. भिवपुरी रोडला उतरायचं, डिकसळमधून धरणाकडे, सागाच्या वाडीवरून पठारावर, मग गारबेट पॉइंट. गावातून निघताना अर्धा तास बसून कडा बघायचा आणि वहीत काढायचा, कसाही येवो. चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघायचं, कारण उतरताना तुला तोच चेहरा दिसणार आहे. माथ्यावर पोचलीस की त्याच वाटेने खाली यायचं. रेल्वेने नाही, टॅक्सीने नाही. पुढच्या महिन्यात गवत बसल्यावर पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वाडीतल्या कुणाला तरी सोबत घ्यायचं आणि त्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी द्यायचं नाही. त्यानंतर माणसं ने, किंवा नेऊ नकोस, तुझं तू ठरव.

ग्रुपला काय उत्तर द्यायचं, तेही विचारलं आहेस. लिही: मी ती वाट खालून चढलेले नाही. पुढे काही जोडू नकोस, सॉरी तर मुळीच नको.

गुडघा माझा आता उतरताना कुरकुरतो, पण चढायला अजून चालतो. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी पहिल्या कर्जत लोकलने ये. तीन लिटर पाणी, वही, पेन्सिल. फोन आणलास तरी चालेल, सॅकच्या तळाशी ठेव. मी भिवपुरीच्या फलाटावर असेन. तिथून कडा दिसतो, तोवर बघत बसेन.

तुझा,
काका